एका हुकमात हजार बेरजा
गणिताचे सॉफ्टवेअर बदलताना काय जपावे?

'येरवडा' हे नाव ऐकले की बहुतेकांना पहिल्यांदा आठवतो तो तिथला तुरुंग. १८७१ साली बांधलेला हा तुरुंग स्वातंत्र्यलढ्यामुळे देशभर माहीत झाला. १९३२ सालचा पुणे करार येथेच झाला. पण याच येरवड्यात दगडी बांधणीची आणखी एक जुनी वास्तू आहे आणि तिचा संबंध गणिताशी आहे. ती वास्तू म्हणजे डेक्कन कॉलेज. १८६४ साली तिचा पाया घातला गेला आणि १८६८ पासून कॉलेज तेथे भरू लागले. त्या कॉलेजात गणित आणि ज्योतिष शिकवीत असत केरो लक्ष्मण छत्रे, म्हणजेच केरूनाना. लोकमान्य टिळक हे त्यांचे विद्यार्थी.

केरूनानांनी १८६० साली 'ग्रहसाधनाची कोष्टके' हे पुस्तक प्रसिद्ध केले. अमुक दिवशी अमुक ग्रह आकाशात कोठे असेल हे काढण्यासाठी लागणारे आकडे त्यात तक्त्यांच्या रूपाने दिले होते. ते आकडे पाश्चात्त्य खगोलशास्त्राच्या नव्या मापनांवर आधारलेले होते. जुनी कोष्टके बाजूला ठेवून नवी वापरायला घेणे हा त्या काळच्या गणकांच्या दृष्टीने मोठाच बदल होता.

आज त्याच येरवड्यात काचेच्या उंच इमारतींमधून हजारो तरुण संगणकावर काम करतात. त्यांच्यापुढेही कोष्टकेच असतात. फक्त ती कागदावर नसून संगणकाच्या स्मृतीत असतात. आणि 'जुने सोडून नवे घेताना काय सांभाळायचे?' हा प्रश्न त्यांनाही पडतो. या लेखात आपण हाच प्रश्न पाहणार आहोत.

ओळी आणि रकाने

तुमच्या वर्गाचे गुणपत्रक डोळ्यांपुढे आणा. प्रत्येक विद्यार्थ्याची एक आडवी ओळ, प्रत्येक विषयाचा एक उभा रकाना. अशा ओळी-रकान्यांत मांडलेल्या संख्यांच्या समूहाला संगणकाच्या भाषेत 'ॲरे' म्हणतात. आपण त्याला सारणी म्हणू. एकच ओळ किंवा एकच रकाना असेल तर त्या सारणीला सदिश, म्हणजे व्हेक्टर, असेही म्हणतात.

आता समजा, महिनाभराचे रोजचे तापमान सेल्सिअसमध्ये नोंदवले आहे आणि ते फॅरनहाइटमध्ये हवे आहे. सूत्र सोपे आहे : १.८ ने गुणा आणि ३२ मिळवा. संगणकाला हे दोन प्रकारे सांगता येते.

पहिला प्रकार असा : 'पहिली संख्या घे, गुण, मिळव, लिहून ठेव. मग दुसरी घे...' ही झाली फेऱ्यांची पद्धत. दुसऱ्या प्रकारात एकच ओळ लिहायची :

फॅ = १.८ * से + ३२

येथे 'से' ही एक संख्या नसून तीस संख्यांचा पुरा रकाना आहे. हुकूम एक, गणिते तीस. या पद्धतीला सदिश पद्धतीची आकडेमोड म्हणतात.

यात वेळ कसा वाचतो?

कवायतीचा तास आठवा. सरांनी प्रत्येकाला नावाने हाक मारून 'तू सावधान हो' असे सांगितले तर चाळीस मुलांना चाळीस वेळा सांगावे लागेल. 'एक साथ, सावधान!' म्हटले की काम एका क्षणात होते. फेऱ्यांच्या पद्धतीत संगणक प्रत्येक संख्येपाशी थांबून विचारतो : ही संख्याच आहे ना? पूर्णांक की दशांश? हिच्यावर कोणती क्रिया करायची? सदिश पद्धतीत ही विचारपूस पुऱ्या रकान्यासाठी एकदाच होते. शिवाय आजच्या संगणकाच्या प्रक्रियकात एकाच आज्ञेने चार किंवा आठ संख्यांवर क्रिया करण्याची सोयही असते.

याहून जुनी एक युक्ती तुम्ही रस्त्याने जाता-येता पाहिली असेल. इमारतीचा स्लॅब टाकण्याच्या दिवशी कामगार रांगेने उभे राहतात आणि काँक्रीटची घमेली हातोहात पुढे देतात. समजा रांगेत दहा जण आहेत आणि प्रत्येकाला घमेले पुढे द्यायला २ सेकंद लागतात. पहिले घमेले पोचायला २० सेकंद लागतील. पण त्यानंतर दर २ सेकंदांनी एक घमेले पोचत राहील. ६४ घमेल्यांना लागतील २० + (६३ × २) = १४६ सेकंद. उलट एक घमेले वर पोचल्याशिवाय दुसरे उचलायचेच नाही असे ठरवले, तर ६४ × २० = १२८० सेकंद लागतील. म्हणजे जवळजवळ नऊ पट!

येथे ६४ हा आकडा मुद्दामच घेतला आहे. १९७६ साली अमेरिकेत बसवलेल्या 'क्रे-१' या प्रसिद्ध महासंगणकात असे आठ खास कप्पे होते आणि प्रत्येकात ६४ संख्या मावत. एका आज्ञेसरशी त्या संख्या घमेल्यांच्या रांगेप्रमाणे एकामागून एक गणिताच्या नळीतून जात. हवामानाचा अंदाज काढणाऱ्यांना असे यंत्र फार मोलाचे होते, कारण वातावरणाचे गणित म्हणजे सारण्यांचेच गणित. भारतानेही १९८०च्या दशकाच्या अखेरीस हवामानाच्या कामासाठी क्रे यंत्र घेतले, ते दिल्लीला बसले. १९८८ साली पुण्यात 'सी-डॅक' ही संस्था स्थापन झाली आणि १९९१ साली तिने 'परम ८०००' हा संगणक तयार केला. त्याची युक्ती थोडी निराळी होती. एकाच रांगेऐवजी त्यात अनेक रांगा, म्हणजे अनेक प्रक्रियक, एकाच वेळी काम करीत. पुढे पुण्यातच पाषाण येथील उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेत २०१८ साली 'प्रत्युष' आणि २०२४ साली 'अर्क' हे महासंगणक बसले. पुण्याला सारण्यांचे गणित असे जुन्या ओळखीचे आहे.

सॉफ्टवेअर का बदलावे लागते?

सारण्यांची आकडेमोड सोपी करणारी अनेक सॉफ्टवेअर आज उपलब्ध आहेत. सदिश पद्धतीची एक पहिली नीटस भाषा केनेथ आयव्हरसन यांनी १९६२ साली आपल्या पुस्तकात मांडली. क्लीव्ह मोलर या प्राध्यापकांनी १९७०च्या दशकाच्या अखेरीस विद्यार्थ्यांसाठी 'मॅटलॅब' लिहिले. १९८४ साली त्याची कंपनी निघाली आणि जगभरच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांत ते पोचले. पण त्याचा परवाना विकत घ्यावा लागतो. कॉलेजात असताना तो वापरायला मिळतो. कॉलेज सुटले, किंवा छोट्या गावातल्या शाळेत शिकवायला लागलात, की तो हाती राहत नाही. मग वर्षानुवर्षे लिहिलेल्या आज्ञावल्यांचे करायचे काय?

येथे फुकट मिळणारी सॉफ्टवेअर मदतीला येतात : फ्रान्समध्ये जन्मलेले 'सायलॅब', मॅटलॅबशी बरेच मिळतेजुळते 'ऑक्टेव्ह' आणि पायथन भाषेतले 'नमपाय'. मुंबईला पवई येथील आय.आय.टी.मध्ये 'फॉसी' नावाचा एक प्रकल्प याच कामासाठी चालतो. त्यातील एक उपक्रम मोठा शहाणपणाचा आहे. विद्यार्थी एखादे पाठ्यपुस्तक घेतात, त्यातील सोडवलेली उदाहरणे सायलॅबमध्ये पुन्हा सोडवतात आणि उत्तर पुस्तकातल्या उत्तराशी ताडून पाहतात. अशी शेकडो पुस्तके तयार होऊन सर्वांसाठी खुली झाली आहेत. याच संस्थेतील 'स्पोकन ट्युटोरिअल' या प्रकल्पाचे पाठ मराठीसह अनेक भारतीय भाषांत ऐकायला मिळतात.

तुम्ही म्हणाल, 'मग अडचण काय? जुनी आज्ञावली नव्या सॉफ्टवेअरमध्ये उतरवून काढली की झाले!' अडचण अशी की चिन्हे तीच राहतात आणि अर्थ बदलतो. चूक झाली आणि संगणक थांबला तर बरेच म्हणायचे. चूक झाली, संगणक थांबलाच नाही आणि त्याने ऐटीत चुकीचे उत्तर दिले, तर धोका आहे. असे चार सापळे आपण नीट पाहू.

सापळा पहिला : गुणाकार कोणता?

दुकानातून ३० रुपयांच्या २ वह्या आणि १० रुपयांची ५ पेने आणली. नग [२ ५] आणि भाव [३० १०]. जोडीजोडीने गुणाकार केला तर [६० ५०] मिळते. प्रत्येक वस्तूचा खर्च कळला.

पण गणितात सारण्यांचा आणखी एक गुणाकार आहे. अकरावी-बारावीत तुम्ही त्याला 'आव्यूहांचा गुणाकार' म्हणून भेटाल. त्यात पहिल्या सारणीची ओळ दुसरीच्या रकान्याशी जोडीजोडीने गुणून बेरीज करतात. मॅटलॅब, ऑक्टेव्ह आणि सायलॅब यांत नुसती चांदणी, म्हणजे *, या दुसऱ्या गुणाकाराची खूण आहे. जोडीजोडीने गुणायचे असेल तर चांदणीच्या आधी टिंब लावावे लागते. नमपायमध्ये नेमके उलटे आहे. तेथे नुसती चांदणी जोडीजोडीने गुणते.

आता ही दोन चौरस सारण्यांची जोडी घ्या. पहिलीच्या ओळी १ २ आणि ३ ४. दुसरीच्या ओळी ५ ६ आणि ७ ८. आव्यूहांचा गुणाकार केला तर उत्तराच्या ओळी १९ २२ आणि ४३ ५० येतात. जोडीजोडीने गुणले तर ५ १२ आणि २१ ३२ येतात. दोन्ही उत्तरे दिसायला सारख्याच थाटाची! सारण्या चौरस नसत्या तर बहुधा मापे जुळत नाहीत म्हणून संगणकाने तक्रार केली असती. चौरस सारणीत ती तक्रारही नाही.

वर्गाचे चिन्हही असेच फसवते. मॅटलॅबमध्ये ५ ^ २ म्हणजे पाचाचा वर्ग, २५. पायथनमध्ये त्याच चिन्हाने द्विमान अंकांवरची एक वेगळी क्रिया होते आणि ५ ^ २ चे उत्तर येते ७!

सापळा दुसरा : एका टिंबाची करामत

१, २ आणि ३ ओहमचे तीन रोध समांतर जोडणीत आहेत. परिणामी रोध काढायचा आहे. तुम्हाला माहीतच आहे की प्रत्येक रोधाचा व्यस्त घ्यायचा, व्यस्तांची बेरीज करायची आणि बेरजेचा पुन्हा व्यस्त घ्यायचा. १ + ०.५ + ०.३३३ = १.८३३. त्याचा व्यस्त सुमारे ०.५४५ ओहम.

सदिश पद्धतीने मॅटलॅबमध्ये लिहायचे तर १./रोध. म्हणजे 'एकाला रोधाच्या प्रत्येक संख्येने भाग'. हीच ओळ सायलॅबच्या जुन्या आवृत्त्यांत जशीच्या तशी टंकली तर काय होई? सायलॅब टिंबाची जोड आधीच्या आकड्याशी लावी. त्याला दिसे '१.', म्हणजे दशांश चिन्ह लावलेला एक, आणि पुढे नुसता भागाकार. सारणीने नुसता भागाकार म्हणजे एक समीकरण सोडवणे : [१ २ ३] ला कोणत्या रकान्याने गुणले असता १ येईल? सायलॅब इमानाने उत्तर देई : १/१४, २/१४, ३/१४. पडताळा घ्या. १ × १/१४ + २ × २/१४ + ३ × ३/१४ = १४/१४ = १. उत्तर बरोबर आहे, पण ते आपल्या प्रश्नाचे नाही!

या तिघांची बेरीज ६/१४, आणि तिचा व्यस्त सुमारे २.३३३ ओहम. संगणक काही बोलला नाही. पण तुम्ही बोलू शकता. समांतर जोडणीतला परिणामी रोध हा सर्वांत लहान रोधापेक्षा नेहमी कमीच असतो. १ ओहमपेक्षा मोठे उत्तर आले म्हणजे कोठेतरी घोटाळा आहे. संगणकाला न दिसलेली चूक पाठ्यपुस्तकातल्या एका वाक्याने पकडली. उपाय मात्र अगदी साधा होता. १ आणि टिंब यांच्यामध्ये एक मोकळी जागा सोडायची.

सापळा तिसरा : मोजणी कोठून?

बारा महिन्यांच्या पावसाचा रकाना आहे. त्यातून जून ते सप्टेंबर या चार महिन्यांचा पाऊस हवा आहे. सोयीसाठी काल्पनिक आकडे घेऊ : जून १५, जुलै २०, ऑगस्ट १२, सप्टेंबर १३ सेंटिमीटर. एकूण ६०.

मॅटलॅब आणि सायलॅबमध्ये मोजणी एकपासून सुरू होते. ६:९ असे लिहिले की सहावा, सातवा, आठवा आणि नववा महिना मिळतो. पायथनमध्ये मोजणी शून्यापासून. जानेवारी शून्यावा, जून पाचवा. शिवाय शेवटचा आकडा धरायचा नाही असा तेथला नियम आहे. त्यामुळे ६:९ म्हटले की क्रमांक ६, ७ आणि ८, म्हणजे जुलै, ऑगस्ट आणि सप्टेंबर एवढेच येतात. एकूण ४५. जूनचा सगळा पाऊस वाहून गेला आणि कोणाला पत्ताही लागला नाही! तेथे ५:९ लिहायला हवे होते.

आता पुन्हा केरूनानांच्या काळाकडे वळू. ग्रहांची स्थाने देणारे कोष्टक हाती आले की जाणता गणक आधी विचारी, 'हे अंश कोठून मोजले आहेत?' सायन पद्धतीत ते वसंत संपाताच्या बिंदूपासून मोजतात, निरयन पद्धतीत ताऱ्यांशी निगडित ठरावीक बिंदूपासून. या दोन आरंभांत आज सुमारे २४ अंशांचा फरक आहे. म्हणूनच सायन मकर संक्रमण २२ डिसेंबरच्या सुमारास होते आणि आपण तिळगूळ वाटतो तो १४-१५ जानेवारीला. दोन्ही गणिते आपापल्या जागी बरोबर आहेत. पण एका कोष्टकातला आकडा उचलून दुसऱ्यात घातला की उत्तर बिघडते. शून्यापासून की एकपासून, हा त्याच जुन्या प्रश्नाचा नवा अवतार आहे.

सापळा चौथा : बाराचे एकशे चव्वेचाळीस

दोन वर्षांच्या मासिक तापमानांतला फरक काढायचा आहे. एका वर्षाचे बारा आकडे आडव्या ओळीत आहेत, दुसऱ्याचे उभ्या रकान्यात. वजाबाकी केली तर सायलॅब 'मापे जुळत नाहीत' म्हणून थांबते. नमपाय थांबत नाही. ते ओळ खाली पसरते, रकाना आडवा पसरते आणि प्रत्येक महिन्यातून प्रत्येक महिना वजा करून १४४ आकड्यांचा तक्ता पुढे ठेवते. मॅटलॅबनेही २०१६ सालापासून हीच रीत स्वीकारली.

ही सोय वाईट नाही. १ ते १० ची ओळ आणि १ ते १० चा रकाना जोडीजोडीने गुणले की पाढ्यांचा पुरा तक्ता एका हुकमात तयार! पण नको तेथे ती लागू झाली आणि पुढे त्या १४४ आकड्यांची सरासरी काढली, तर आतली गडबड झाकून जाते.

लहानसहान फरक आणखी आहेत. [२ ४ ४ ४ ५ ५ ७ ९] या संख्यांचे प्रमाण विचलन नमपाय २ देते, तर मॅटलॅब सुमारे २.१४ देते. कारण पहिले वर्गांच्या बेरजेला ८ ने भागते, दुसरे ७ ने. १ ते ६ या संख्या दोन ओळींत मांडायला सांगितल्या तर नमपाय १ २ ३ आणि ४ ५ ६ अशा ओळी भरते. मॅटलॅब रकाने भरत जाते, म्हणून ओळी होतात १ ३ ५ आणि २ ४ ६.

हे सारे एवढे महत्त्वाचे का?

१९९८ साली अमेरिकेच्या 'नासा' संस्थेने मंगळाच्या हवामानाचा अभ्यास करण्यासाठी एक यान सोडले. जमिनीवरच्या एका आज्ञावलीने यानाच्या आवेगाचे आकडे पौंड-सेकंदात दिले. ते घेणाऱ्या दुसऱ्या आज्ञावलीने त्यांना न्यूटन-सेकंद मानले. दोन्हींत सुमारे साडेचार पटींचा फरक. संगणकाने तक्रार केली नाही, कारण आकड्यावर एकक लिहिलेले नसते. सप्टेंबर १९९९ मध्ये ते यान ठरल्यापेक्षा फार खालून मंगळाच्या वातावरणात शिरले आणि नाहीसे झाले. दोन आज्ञावल्या आपापल्या घरी शहाण्या असूनही त्यांच्यामधल्या उंबरठ्यावर अपघात होतो, तो असा.

मग करावे काय?

तुम्ही किंवा तुमचे शिक्षक जुनी आज्ञावली नव्या सॉफ्टवेअरमध्ये नेणार असाल, तर या पाच गोष्टी करा.

१. आधी तीन-चार संख्यांचे लहान उदाहरण घ्या आणि हाताने सोडवा. दहा लाख आकड्यांत लपणारी चूक तीन आकड्यांत उघडी पडते.

२. लहान उदाहरणात चौरस सारणी घेऊ नका. २ ओळी आणि ३ रकाने घ्या, म्हणजे मापांचा घोटाळा लगेच कळेल.

३. प्रत्येक पायरीनंतर सारणीचे माप विचारा : किती ओळी, किती रकाने? बाराचे १४४ झाले की तेथेच थांबा.

४. पहिला आणि शेवटचा आकडा डोळ्यांनी पाहा. जून आला का? सप्टेंबर आला का?

५. जुने उत्तर आणि नवे उत्तर यांची वजाबाकी करा आणि सर्वांत मोठा फरक किती ते पाहा. दशांशाच्या चौदाव्या-पंधराव्या स्थळी फरक दिसला तर घाबरू नका. तो संगणकाच्या आतल्या दशांशांच्या मर्यादेमुळे येतो. पण फरक दुसऱ्या-तिसऱ्या स्थळी दिसला तर पुढे जाऊ नका.

शेवटी तुमच्यासाठी एक प्रयोग. शाळेतल्या संगणकावर सायलॅब किंवा ऑक्टेव्ह आणि पायथनसह नमपाय अशी दोन सॉफ्टवेअर घ्या. २, ३ आणि ६ ओहमचे रोध समांतर जोडा आणि परिणामी रोध दोन्हींत काढा. उत्तर आधी वहीत काढून ठेवायचे, मग संगणकाला विचारायचे. वहीत १ ओहम यायला हवे. दोन्ही यंत्रांनी तेच सांगितले, तर पुढच्या आठवड्यात तीनाऐवजी तीनशे रोध घ्या.